चंदाच्या लग्नाचं आवतन

मयुरीनं पीएच.डी.चा विषय माझ्यासमोर ठेवला तेव्हा मी चहा पीत होते, आणि त्यातला अर्धा माझ्या साडीवर सांडला. कागदावर लिहिलं होतं, 'युद्धोत्तर ब्रिटिश समाजातील चित्रपट, दूरदर्शन आणि नभोवाणी.'

"मयुरी," मी म्हटलं, "तू नाचणगावची, मी रोहण्याची. आपल्या दोघींपैकी कोणी इंग्लंड पाहिलंय का?"

"मॅडम, पेशव्यांवर पीएच.डी. करणाऱ्यांनी तरी पेशवे कुठं पाह्यलेत?"

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात एकोणतीस वर्षं इतिहास शिकवते आहे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं मुलं म्हणतात, आणि ते खरं आहे. मुलं मला घाबरतात. ही पोरगी घाबरत नव्हती, म्हणून मी तिची गाइड व्हायला तयार झाले.

पुढची दोन वर्षं आमच्या दोघींच्या घरात इंग्लंड मुक्कामाला होतं. मी आठवड्यातून एकदा नाचणगावला तिच्या घरी जायचे. मयुरी मोठमोठ्यानं वाचून दाखवायची आणि तिची आई सीताबाई तांदूळ निवडत ऐकायची. सीताबाई गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. युद्ध संपलं तरी तिकडे पावसुद्धा रेशनवर होता हे ऐकून तिला इंग्रजांची पहिल्यांदाच दया आली. राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी गल्लीत ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्याकडे सगळी गल्ली जमली आणि पडदे ओढून दाटीवाटीनं बसली, हे ऐकून ती म्हणाली, "आमच्या मोहल्ल्यात बी एकाच घरी होता. पडदे नव्हते, म्हणून आम्ही खिडकीतून बी पाहो." लेकरं वेळेवर झोपावीत म्हणून तिकडे संध्याकाळी सहा ते सात टीव्हीच बंद ठेवत, हे मात्र तिला फार पटलं. "हे बेस होतं. आता बी कराले पायजे," असं म्हणून तिनं अनुपकडे, म्हणजे मयुरीच्या धाकट्या भावाकडे, पाहिलं. अनुपनं मोबाइल उशीखाली सारला.

पण मयुरीचा जीव जडला तो शेतकऱ्यांसाठीच्या एका रेडिओमालिकेवर. युद्धानंतर तिकडे धान्याची टंचाई होती, शेतकऱ्यांनी नव्या पद्धती उचलाव्यात असं सरकारला वाटत होतं, आणि भाषणं ऐकायला कोणी तयार नव्हतं. म्हणून एका शेतकरी कुटुंबाची रोजची गोष्ट सुरू केली आणि भांडणं, लग्नं, रुसवेफुगवे यांच्या मधेमधे शेतीचे सल्ले घुसवले. लोक इतके गुंतले की त्यातलं एक पात्र आगीत मेलं तेव्हा ऐकणाऱ्यांनी रडत फोन केले, काहींनी तर फुलं पाठवली.

"मॅडम, शेवटच्या प्रकरणासाठी अशी मालिका आपण इथं करून पाहू," मयुरी म्हणाली. "आजही लोक ऐकतात का, ते तपासू."

"आज रेडिओ कोण ऐकतो? प्रत्येकाच्या खिशात पिक्चर आहे."

"म्हणूनच तं तपासाचं."

नाचणगावात 'वरदाकाठ' नावाचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. कापसाच्या जुन्या गोदामातल्या दोन खोल्या, एक मनोरा आणि पुढच्या अंगणात मोठा कडुनिंब, एवढाच त्याचा संसार. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अण्णाजी ते चालवतात. केंद्राचा आवाज रोहण्यापर्यंत जेमतेम पोचतो. तिथं छपरावर चढलं तरच नीट लागतो म्हणतात. अण्णाजींनी मयुरीला संध्याकाळी साडेसहाची पंधरा मिनिटं दिली.

मालिकेचं नाव 'मौजे सातघरी'. सात घरांचं एक गाव, आणि त्यात चंदा नावाची मुलगी. ती आईशी भांडायची, बोंडअळीसाठी सापळे लावायची आणि डेअरीवरच्या मनोहरवर प्रेम करायची. चंदा म्हणजे मयुरी स्वतः. चंदाची आई म्हणजे सीताबाई. मनोहरच्या आवाजासाठी कोणी मिळेना, म्हणून अनुपला धरून आणलं. चंदाच्या बापासाठी तर कोणीच मिळालं नाही, म्हणून तो कायम शेतावर असायचा. कोणी विचारलं की सीताबाई म्हणायची, "शेतावर गेलते." चार महिन्यांत त्या माणसाचा एकदाही आवाज आला नाही. त्या काळी तिकडेही बरंचसं थेटच चालायचं, म्हणून मयुरीनं आपलीही मालिका थेटच ठेवली. चुकलं तर चुकलं.

चार महिन्यांत केंद्रावर फोन आले तीन. दोन राँग नंबर होते आणि तिसरा सीताबाईच्या भावाचा होता.

"बेटा," अण्णाजी मयुरीला म्हणाले, "हवेत किती दिवस बोलाचं? मलेही वाईट वाटते. पण त्या वेळात गाणे लावले तं निदान पानठेल्यावाला तरी ऐकते. फेब्रुवारी संपेपर्यंत मले ऐकणारे दाखव. नाई तं बंद करू."

मालिका बंद पडली की मयुरीचं शेवटचं प्रकरणही गेलं, आणि त्याच्यावर तर सगळा प्रबंध उभा होता. शिवाय खरं सांगायचं तर प्रबंधाचं तिला तेवढं नव्हतंच. तिला चंदाचं होतं. मग मी माझी अक्कल पाजळली. युद्धानंतरच्या त्या काळात तिकडे रोज हजारो लोकांना गाठून 'काल काय ऐकलंत' असं विचारत आणि लिहून घेत. आपणही तसंच करू, मी म्हटलं. वर मयुरीला सक्त ताकीद दिली की तू यायचं नाहीस. जिनं मालिका केली तिनंच लोकांना 'आवडली का' विचारलं तर कोण खरं बोलेल? मी आणि माझ्या तीन विद्यार्थिनी हातात पॅड घेऊन पाच गावं फिरलो.

दोनशे बारा माणसांना विचारलं. एक जण हो म्हणाला, पण तो आम्ही जे विचारू त्याला होच म्हणत होता.

रोहण्याला माझा मोठा भाऊ किसनराव राहतो. मला तो अजूनही 'मंजे' म्हणतो. त्याच्या ओसरीवर बसून मी त्यालाही विचारलं.

"दादा, काल रेडिओ ऐकला का?"

"मले काय कामं नाईत का व मंजे?"

"'मौजे सातघरी' माहीत आहे?"

"कोणतं घरी? नाई बा." आणि तो उठून शिडीकडे गेला.

"हे कुठं निघाले?" मी वहिनीला विचारलं.

"टाकी पाहाले जातेत. रोज या टायमाले जातेत." वहिनी पोळ्या लाटत म्हणाली. मी तिच्या नावापुढेही 'नाही' लिहिलं आणि परतीची बस धरली.

ते कागद वाचून अण्णाजींनी नीट घडी घालून ठेवले. माणूस भला आहे. शेवटी एवढंच म्हणाले, "चंदाचं लग्न लावून टाक, नि मिटव. लेकीचं लग्न झालं की गोष्ट संपली असंच असते." रविवारी अकरा वाजता केंद्राच्या अंगणात थेट लग्न करायचं ठरलं. वाजंत्रीचे आणि मंगलाष्टकांचे आवाज मोकळ्या जागेत बरे येतात म्हणून अंगण. तो शेवटचा भाग.

मयुरीनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत घातला, परत काढून पुसला. मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त स्वतःचाच राग आला, कारण ते कागद मीच भरून आणले होते.

शुक्रवारच्या भागाला मी केंद्रावर होते, काचेच्या अलीकडे. त्या भागात चंदाची आई लग्नाचं आवतन देते. मयुरीनं लिहून दिलेलं वाक्य साधं होतं, 'समद्यांनी लग्नाले या.' सीताबाई कागद पाहत नाही. तिला सगळं पाठ असतं आणि त्यापलीकडचंही बरंच असतं. ती माइकजवळ गेली, पदर सावरला आणि म्हणाली, "आयका हो बायामाणसं. माह्या चंदाचं लगन हाये. येत्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, नाचणगावच्या रेडिओच्या अंगणात, कडुनिंबाखाली. आयकून राह्यले त्या साऱ्या घराईले चूलबंद आवतन हाये. लेकरंबाकरं घेऊन येजा. न जेवता कोणी जाजा नाई."

चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला लग्नघरी यायचं. काचेपलीकडे मयुरीचं तोंड उघडंच राहिलं. तिनं कशीबशी चंदाची पुढची वाक्यं म्हटली. लाल दिवा विझला तशी ती आईवर धावून गेली.

"आई! हे काय केलं?"

"काय केलं? आवतन देल्लं."

"पत्ता काऊन सांगितला? लग्न सातघरीले आहे ना?"

"सातघरी कुठं हाये? मोटार जाते का तिथं? बिना पत्त्याचं आवतन असते का कुठं? लोक म्हनतीन, बाईच्या मनात बलवाचं नाई म्हनून गोलगोल सांगून राह्यली." सीताबाईनं चप्पल घातली. "लगन जिथं लागनार तिथलाच पत्ता देल्ला ना मी?"

अण्णाजी पोट धरून हसले. "राहू दे बेटा. येऊन येऊन कोण यीन? निंबावरचे कावळे." त्यांचंही बरोबरच होतं. कोणी ऐकतच नव्हतं, मग आवतन कोणाला पोचणार? मयुरीही हसली, पण ते हसू माझ्याच्यानं पाहवेना.

रविवारी मी वर्ध्याहून निघून साडेदहाला केंद्रावर पोचले. गोदामाच्या मागून धूर निघत होता. जाऊन पाहिलं तर विटांच्या दोन चुली पेटलेल्या, त्यांवर माणूस बसेल एवढे दोन गंज, आणि सीताबाई मोठ्या उलथण्यानं वरण ढवळतेय. बाजूला तिच्या बचत गटाच्या बायका पिठाचे गोळे करत होत्या.

"सीताबाई, हे कशाला?"

"आवतन देल्लं त रांधा लागते, मॅडम."

"अहो, कोणी येणार नाही."

"नाई आले त आपन खाऊ. तुमी काई खाल्लं नसन सकाळपासून."

आता या माऊलीचं एवढं अन्न वाया जाणार, आणि पोरीचं तोंड अजूनच उतरणार. मी पुढच्या अंगणात आले तर फाटकात एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांच्या अंगात इस्त्रीचा सदरा, आजीच्या हातात पिशवी.

"लगनाचं घर हेच का जी?" आजोबांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांना सावलीत बसवून वळले तोच एक ऑटो आला आणि त्यातून नऊ माणसं उतरली. कशी मावली होती देव जाणे. मग मोटारसायकली आल्या, प्रत्येकीवर तिघं. मग पुलगावच्या बाजूनं बायांचा घोळका चालत आला, सगळ्या नव्या लुगड्यांत, लेकरांचे डोळे काजळानं भरलेले. कोणाच्या हातात स्टीलचा डबा, कोणाकडे बांगड्यांचा खोका, कोणाकडे कागदात गुंडाळलेलं जंपराचं कापड. अकराच्या आत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि मग फाटकात ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत रोहण्याची पंचवीसेक माणसं, वांग्यांची दोन पोती आणि एक पितळी घंगाळ. चाकापाशी उडी मारून उतरला तो किसनराव, पांढरी टोपी, खांद्यावर नवा दुपट्टा.

"दादा!" मी त्याचा हातच धरला. "तू तर ऐकत नव्हतास ना?"

"टाकी पाहाले जातो त आयकू येते. कान बंद करू का मंग?" तो जरा लाजला. मी त्याला लाजताना त्याच्या स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. "शिडीवर चढून चार महिने झाले व मंजे. तिची माय तिले त्या डेअरीवाल्यासाठी नाई म्हने ना, तव्हा मले झोप नाई आली."

"मग विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

उत्तर त्याच्यामागून उतरणाऱ्या कौशल्याबाईंनी दिलं. त्या आमच्या गल्लीतल्या, सत्तरीच्या पुढच्या, आणि त्यांच्या जिभेला कधीच कोणाची भीती नव्हती. "तुमच्या हातात कागद होता ना बाई! कागदावर लिहून नेलं की घरातलं काई तरी जाते. मागं एकानं कूलर लिहून नेला, त लोक म्हने आता राशनकार्ड जाते. गेलं नाई, पन सा महिने जीव टांगनीले. रेडिओ हाये म्हनून कोन सांगन?"

मी कपाळाला हात लावला. ज्या इंग्लंडची ऐट मी मिरवत होते तिथंही त्या काळी रेडिओला परवाना लागे, आणि ज्यांनी तो काढलेला नसे ते दारात कोणी कागदवाला आला की आवाज बंद करत. मयुरीच्या दुसऱ्या प्रकरणात हे सगळं आहे. ते पान मी स्वतः लाल पेनानं तपासलं, एका वाक्यातला स्वल्पविराम बदलला, आणि पॅड घेऊन दारोदार गेले. एकोणतीस वर्षं इतिहास शिकवून माझ्या डोक्यात एवढा उजेड पडला होता.

इतक्यात अण्णाजी स्कूटरवरून आले. फाटकातच त्यांची गाडी बंद पडली. "मॅडम," त्यांनी हेल्मेट न काढताच विचारलं, "हे कोण लोक?"

"कावळे," मी म्हटलं.

मयुरी आत माइक जोडत बसली होती. बाहेरचा गलका ऐकून आली आणि दारातच थांबली. तिला कोणी ओळखलं नाही. कसं ओळखणार? तिचा चेहरा कोणी पाहिलेलाच नव्हता. साध्या पंजाबी ड्रेसमधली चष्मेवाली मुलगी. लोक तिला बाजूला सारून सावली शोधत होते. तिला काय करावं कळेना, तेव्हा हाताला सापडलेली पाण्याची बादली आणि पेला घेऊन ती फिरू लागली. कौशल्याबाई उन्हात उभ्या होत्या. मयुरी त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली, "इकडे सावलीत बसा ना मावशी. पाणी घ्या."

कौशल्याबाईंचा पेल्याकडे गेलेला हात तिथंच थांबला.

"आणखी एकदा बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"अगं माय माय माय! हे त चंदा हाये!"

पुढचं मी नीट पाहू शकले नाही, कारण मधे बायाच बाया झाल्या. ज्या उठल्या त्या सगळ्या मयुरीभोवती गेल्या. एकीनं तिच्या हातात बांगड्या सरकवल्या, एकीनं गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "किती बारीक हाये व!" "आवाजावरून त चांगली भरलेली वाटे." "बाई, तुह्या त्या सापळ्यानं आमच्या वावरातली अळी कमी झाली बरं." मयुरी एकेकीचं तोंड पाहत होती. तिच्या हातातली बादली कोणी तरी काढून घेतली होती, तरी तिची मूठ तशीच मिटलेली होती.

"नवरदेव कुठं हाये?" मागून कोणी तरी ओरडलं.

अनुप दाराआड लपला होता. दोघातिघांनी त्याला ओढून बाहेर काढला. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "अहो, ते माही बहीण हाये! सख्खी!"

मग कौशल्याबाई मयुरीकडे वळल्या. "का व पोरी, साऱ्या जिल्ह्यात दुसरा पोट्टा नाई भेटला तुले?"

लोक इतके हसले की निंबावरचे खरे कावळे उडाले. नाटक आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यांना काही खुळं समजायचं कारण नाही. पण आवतन खरं होतं, चुली खरंच बंद होत्या, नवी लुगडी खरीच घड्या मोडून नेसली होती. लग्न लागल्याशिवाय जेवायचं कसं, हा प्रश्न होता. तो किसनरावनं सोडवला.

"आपुन आवाजच आयकले ना चार महिने?" तो म्हणाला. "मंग आवाजाचंच लगन लावा."

दोन माइक उंच दांड्यांवर समोरासमोर उभे केले. एका माइकला कोणी तरी हिरवी चुनरी गुंडाळली, दुसऱ्याला अण्णाजींची टोपी घातली. मधे किसनरावचा नवा दुपट्टा अंतरपाट म्हणून धरला. एका माइकमागे मयुरी, दुसऱ्यामागे अनुप, आणि दोघं एकमेकांकडे न बघता. मग रोहण्याच्या बायांनी मंगलाष्टकं काढली, आणि नाचणगावच्या बाया म्हणाल्या, असं कसं, चंदा आमची, आधी बुद्धवंदना होईन. मयुरीनं चंदाची जात कधी सांगितलीच नव्हती. ज्यानं त्यानं ती आपल्याच घरची धरली होती. दोन्ही बाजूंनी आवाज चढायला लागले. तेवढ्यात सीताबाई पिठाच्या हातांनी मागून आली.

"आधी वंदना म्हना, मंग तुमचं म्हना, घाई कोनाले हाये? भात शिजाले अजून येळ हाये. नि तांदूळ कोनी टाकजा नाई, फुलं टाका. तांदूळ मले गंजात लागतीन."

दोन्ही झालं, आधी एक, मग दुसरं, आणि दुसऱ्याच्या वेळी पहिल्यांनीही टाळ्या धरल्या. झेंडूच्या पाकळ्यांनी दोन्ही माइक भरून गेले. अण्णाजींनी स्वतः आत जाऊन प्रक्षेपण सुरू केलं होतं. जे येऊ शकले नव्हते ते घरी ऐकत असतील म्हणून. मग ते बाहेर आले. त्यांचा चेहरा अजूनही खात्री नसलेल्या माणसाचा होता. जमलेल्यांपैकी किती जण जेवणासाठी आलेत आणि किती जण खरंच ऐकणारे आहेत, हा हिशेब त्यांच्या कपाळावर मला दिसत होता. ते टोपीवाल्या माइकपाशी आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "लगन त लागलं. पण मंडळी, पोरीचा बाप दिसून नाई राह्यला. कुठं गेला?"

सगळं अंगण एका तोंडानं गरजलं, "शेतावर!"

लेकरंसुद्धा ओरडली. ट्रॅक्टरवर बसलेले ओरडले. मागे पोळ्या लाटणाऱ्या बायाही ओरडल्या. अण्णाजी माइक धरून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की आणखी काही, ते मला सांगता येणार नाही. माझे स्वतःचे डोळे भरून आले होते, आणि ते मी पुसलेही नाहीत.

पंगत बसली. वरण, भात, पोळ्या, रोहण्याच्या वांग्यांची तर्रीदार भाजी. सीताबाई प्रत्येकाच्या पानापुढे थांबून वाढत होती. शाळेत लेकरांना दटावते तशीच मोठ्यांनाही दटावत होती. मयुरी मात्र जेवली नाही. ती पानापानापुढून फिरत लोकांचं बोलणं ऐकत होती. चंदानं आईशी त्या दिवशी एवढं तोडून बोलायला नको होतं, असं एकानं सुनावलं. मनोहरनं डेअरीची नोकरी सोडली तर खाणार काय, असं दुसऱ्यानं विचारलं. ती सगळ्यांना 'हो काका', 'हो मावशी' म्हणत होती. शेवटचा भाग आपण नुकताच करून बसलोय, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. इतक्या लोकांच्या तोंडचा घास थांबवायची माझी हिंमत नव्हती.

हात धुऊन कौशल्याबाई अण्णाजींकडे गेल्या. रेडिओचे मालक तेच आहेत हे त्यांनी विचारून घेतलं होतं. त्यांनी पदराच्या टोकानं हात पुसले.

"साहेब, एक सांगा. पोरगी आता सासरी जाईन. तिथं आपला रेडिओ लागते का? नाई त आमाले तिची खबर कशी मिळन?"

मयुरी दोन पावलांवर होती. तिनं ऐकलं. अण्णाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे, जिथं दुसरी पंगत बसायला लागली होती.

"लागते ना माय," अण्णाजी म्हणाले. "उद्याच लागते. साडेसहाले. नि आता पंधरा मिन्टात भागणार नाई, दोन घरं झाले ना, अर्धा तास लागीन."

मयुरी एकदम रडायला लागली. चष्मा काढायचंही तिला सुचलं नाही. तोंडात ओढणीचा बोळा कोंबून ती उभ्यानं हमसाहमशी रडत होती. बायांना वाटलं, बिदाईची वेळ झाली. कौशल्याबाईंनी तिला छातीशी धरलं आणि त्याही रडायला लागल्या. मग त्यांच्या शेजारची, मग तिच्या शेजारची. बघता बघता अर्धं अंगण रडत होतं, तोंडात विडा असलेल्या बायाही, आणि किसनराव ट्रॅक्टरच्या चाकामागे जाऊन टोपीनं डोळे पुसत होता.

सीताबाई वाढपाची बादली घेऊन त्या घोळक्यात शिरली आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

"रड बाप्पा, रड," ती म्हणाली. "फक्त गळा नको बसवू. उद्या साडेसहाले बोलाचं हाये."